'मजकूर कधी देताय?' : लिखाण, मुदत आणि धावपळीच्या चटपटीत गोष्टी

आषाढ सरत आला की मराठी लिहिणाऱ्यांचे फोन वाजू लागतात. "सर, दिवाळी अंकाचं लक्षात आहे ना?" श्रावणात आवाजाला थोडी धार चढते, "ताई, तुमच्यासाठी पानं अडवून ठेवलीत." गणपती बसले की मग आडपडदा राहत नाही, "मजकूर कधी देताय?" मुंबईच्या नामवंत कादंबरीकारापासून भूम-परांड्यातल्या कविता करणाऱ्या गुरुजींपर्यंत सगळे या एका प्रश्नापुढे सारखेच.

हा प्रश्न पुराणांइतका जुना आहे. त्याने कुणाला खोलीत कोंडलं, कुणाला बायको मिळवून दिली, तर कुणाकडून एका वर्षात अजरामर गीतं लिहून घेतली. धाराशिव जिल्ह्यापासून सेंट पीटर्सबर्गपर्यंतच्या या गोष्टी वाचा. पलीकडे कुणीतरी वाट पाहत असलं की लिहून होतं, हे त्यात पुन्हा पुन्हा दिसेल.

1. आधी निद्रा, मग नवरात्र

सुरुवात घरच्या देवीपासून. शारदीय नवरात्रात तुळजापुरात भाविकांचा महापूर लोटतो. वर्षातल्या या सगळ्यात मोठ्या उत्सवाआधी तुळजाभवानी काय करते? झोपते! भाद्रपद वद्य अष्टमीला मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात आणि घटस्थापनेला पुन्हा सिंहासनावर बसवतात. ही घोरनिद्रा. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. वर्षाकाठी 21 दिवस देवीची विश्रांती ठरलेली असते.

मोठं काम हातात घेण्याआधी आणि ते संपल्यावर विश्रांती घ्यायची, तीही तिथी लावून, ही शिकवण आपल्या जिल्ह्यात शतकानुशतकं पाळली जाते. रात्र रात्र जागून लेख पुरा करणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी.

2. न चुकणारी पालखी

सीमोल्लंघनासाठी देवीची पालखी येते नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून आणि पलंग येतो पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून. पालखी दरवर्षी नव्याने घडवतात. मानकरी ठरलेले, वाटेतले मुक्काम ठरलेले आणि पोहोचायची वेळही ठरलेली. दसरा पुढे ढकलता येत नाही, म्हणून सुताराच्या पहिल्या घावापासून सगळ्या कामाचा हिशेब उलटा, दसऱ्यापासून मागे मोजत करावा लागतो.

लेखनालाही हाच हिशेब लागू पडतो. शेवटची तारीख आधी मांडायची आणि तिथून मागे येत येत आजचं काम ठरवायचं.

3. पहिला करार: लेखणी थांबता कामा नये

महाभारत सांगायला व्यास तयार, पण उतरवून घेणार कोण? गणपती राजी झाला, पण अट घालून: माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये. व्यासांनीही उलट अट घातली: अर्थ समजल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. मग दम घ्यायची वेळ आली की व्यास एखादा अवघड कूटश्लोक टाकत. गणपती अर्थ लावेपर्यंत पुढचे श्लोक तयार! असे कूटश्लोक 8,800 असल्याचं परंपरा सांगते.

आता याची दुसरी बाजू. याच महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायचं काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 मध्ये हाती घेतलं. देशभरातल्या हस्तलिखितांचा पाठ ताडून ते पुरं झालं 1966 मध्ये. तब्बल 47 वर्षं! आणि त्या आवृत्तीत गणपतीच्या लेखनिकपणाची ही कथा मूळ संहितेत नाही, परिशिष्टात आहे.

4. 1909: दिवाळीला फराळासोबत अंक

'मनोरंजन' मासिकाचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये खास दिवाळीचा अंक काढला आणि मराठी लेखकांच्या वर्षाला एक कायमची तारीख मिळाली. तेव्हापासून मराठी माणसाची दिवाळी फटाके, फराळ आणि अंक अशी तिहेरी झाली.

या तारखेमागची धावपळ जवळून पाहण्यासारखी असते. उन्हाळ्यात लेखकांना पत्रं जातात. पावसाळ्यात मजकूर येतो. कुणाचा टाइप केलेला, कुणाचा अजूनही रेघी कागदावर हाताने लिहिलेला. मग डीटीपी, पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, चित्रकाराकडून रेखाटनं, जाहिरातदारांकडे खेटे. अंक फर्म्यांच्या हिशेबात बसवावा लागतो, म्हणजे पानं ठरावीक पटीतच वाढतात किंवा घटतात. एका लेखकाने चार पानं उशिरा दिली की त्याच्यामुळे अख्खा फर्मा छपाईवाचून पडून राहतो आणि बाइंडर हात बांधून बसतो. "दोन दिवस उशीर झाला तर काय बिघडलं?" याचं उत्तर छापखान्यात मिळतं.

5. हरवलेलं गाणं, लावलेली कडी

पुणे आकाशवाणी, 1955. रामनवमीला, 1 एप्रिलला 'गीतरामायण' सुरू व्हायचं होतं. ग. दि. माडगूळकरांनी पहिलं गीत लिहून सुधीर फडके यांच्याकडे दिलं आणि ऐन वेळी तो कागद हरवला! गदिमा संतापले, पुन्हा लिहायला तयार होईनात. कार्यक्रमाची धुरा वाहणाऱ्या सीताकांत लाड यांनी त्यांना कागद-पेन देऊन एका खोलीत बसवलं आणि दार बंद केलं. पंधरा मिनिटांत गीत पुन्हा तयार झालं, अशी ही प्रसिद्ध आठवण आहे.

पुढे वर्षभर दर आठवड्याला नवं गीत, नवी चाल. ठरली होती 52 गीतं. त्या वर्षी अधिक मास आला आणि गीतं झाली 56! दर आठवड्याची ती तारीख पाळली गेली, कारण ठरलेल्या वेळी घरोघरी रेडिओसमोर माणसं वाट पाहत बसलेली असत.

6. कोंडलेले आणखी दोघं

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' 1967 मध्ये रंगमंचावर यायचं होतं. तालमी रंगल्या, पण नायिका बेणारेबाईंचं शेवटचं स्वगत काही कागदावर येईना. दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांनी तेंडुलकरांना खोलीत बसवून बाहेरून कडी घातली, ही नाट्यवर्तुळातली गाजलेली कथा. ते बाहेर आले ते स्वगत घेऊनच. सुलभा देशपांडे यांनी ते असं उभं केलं की मराठी रंगभूमीवरच्या सर्वोत्तम स्वगतांत त्याची गणना होते.

फ्रान्सच्या व्हिक्टर ह्यूगोने तर स्वतःलाच कोंडून घेतलं. प्रकाशकाला दिलेल्या तारखा उलटून गेल्यावर 1830 च्या सप्टेंबरात त्याने शाईची नवी बाटली आणि अंगभर करडी लोकरी शाल घेतली, बाहेर जायचे कपडे कुलपात टाकले आणि लिहायला बसला. पुढच्या जानेवारीत नोत्र दामच्या कुबड्याची कादंबरी पुरी! ही हकिकत त्याच्या पत्नीने लिहून ठेवली आहे.

आजचे "बाहेरचे कपडे" म्हणजे मोबाइल. तो दुसऱ्या खोलीत ठेवला तरी निम्मं काम होतं.

7. तुरुंगातली पानं

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिलं ते 1910-11 च्या हिवाळ्यात, अवघ्या काही महिन्यांत. शाई नाही, फक्त पेन्सिल. सुटे कागद नाहीत, बांधलेल्या वह्या आणि त्याही पानांवर आकडे टाकून मोजून दिलेल्या. 1914 मध्ये सुटका झाली तेव्हा सरकारने वह्या लगेच दिल्या नाहीत. टिळकांना त्याची फिकीर नव्हती. वह्या सरकारकडे असल्या तरी ग्रंथ डोक्यात आहे, पुन्हा लिहून काढू, असा त्यांचा भरवसा होता. पुढे वह्या परत मिळाल्या आणि 1915 मध्ये ग्रंथ छापून आला. इतक्या वेगाने लिहिता आलं, कारण त्यामागे अनेक वर्षांचं वाचन आणि चिंतन होतं.

साने गुरुजींनी 'श्यामची आई'चा बहुतेक भाग नाशिकच्या तुरुंगात लिहिला, 9 ते 13 फेब्रुवारी 1933 या पाच दिवसांत. दिवसाची कामं उरकून रात्री ते लिहीत. पाच दिवस लिहायला लागले, पण आईच्या त्या आठवणी गुरुजींनी आयुष्यभर जपल्या होत्या.

8. मुदत पाळली, बायको मिळाली!

रशियन कादंबरीकार दस्तयेवस्की कर्जात बुडालेला. स्तेलोव्स्की नावाच्या प्रकाशकाने त्याच्याकडून कडक करार लिहून घेतला: 1 नोव्हेंबर 1866 पर्यंत नवी कादंबरी दे, नाहीतर तुझं सगळं लेखन नऊ वर्षं मी फुकट छापणार. ऑक्टोबर उजाडला तरी एक ओळ लिहिलेली नव्हती.

मित्रांच्या सल्ल्याने त्याने लघुलेखनिक बोलावली, अ‍ॅना नावाची विशीतली मुलगी. तो दुपारी सांगायचा, ती रात्री घरी बसून नीट उतरवायची. 26 दिवसांत 'जुगारी' तयार! हस्तलिखित द्यायला गेला तर प्रकाशक मुद्दाम गावाबाहेर निघून गेलेला. अखेर पोलिस अधिकाऱ्याकडे बाड जमा करून वेळेत दिल्याची पावती घेतली. पुढच्या फेब्रुवारीत अ‍ॅना आणि दस्तयेवस्की यांचं लग्न झालं.

दररोज दुपारी कुणीतरी ठरल्या वेळी वही घेऊन समोर बसतं, याची ताकद एवढी असते.

9. एकट्याच्या खांद्यावर अख्खा अंक

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 मध्ये 'निबंधमाला' सुरू केली. सात वर्षं, 84 अंक आणि लेखन जवळपास एकहाती.

ह. ना. आपटे यांनी 1890 मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं. 'पण लक्षांत कोण घेतो!' ही त्यांची कादंबरी त्यातच क्रमशः आली. कादंबरीतल्या यमूचं पुढे काय झालं, हे विचारणारे वाचक दर आठवड्याला ताटकळत असताना लेखकाला थांबता येत नव्हतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 3 एप्रिल 1927 रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू केलं. हाताशी ना पैसा, ना लेखकवर्ग. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने त्यांना एकट्याने भरून काढावे लागत, तेही वकिली, शिकवणं आणि चळवळ सांभाळून. वेळ मिळत नाही असं वाटेल तेव्हा हे चोवीस रकाने आठवावेत.

10. एसटीतून जाणारी बातमी

फॅक्स आणि इंटरनेट नव्हतं, तेव्हा तालुक्याचा वार्ताहर बातमी कशी पाठवायचा? एसटीने! राज्यातली पहिली एसटी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि पुढे लाल गाडीने माणसांसोबत बातम्याही वाहिल्या. बाजार समितीतले भाव, पंचायत समितीची सभा, जत्रेतली कुस्ती, सगळं दुपारपर्यंत लिहून काढायचं, लिफाफ्यावर "बातमी, तातडीचे" असं ठळक लिहायचं, बसस्थानक गाठायचं आणि कंडक्टरच्या हातात पाकीट द्यायचं. शहरात वर्तमानपत्राचा माणूस ते उतरवून घ्यायचा.

गाडी सुटली की बातमी शिळी. त्यामुळे या वार्ताहरांच्या लिखाणाला एक खास शिस्त लागली: पहिल्याच वाक्यात मुद्दा, फापटपसारा नाही आणि खाडाखोड तर नाहीच. ग्रामीण भागात जाणारी डाक आवृत्ती शहराच्या आवृत्तीआधी छपाईला सोडावी लागते. म्हणून संध्याकाळी उशिरा घडलेली मोठी घटना शहरात सकाळी वाचायला मिळते आणि गावात त्याच्याही दुसऱ्या दिवशी. मराठवाड्यातल्या वार्ताहरांनी ही कसरत वर्षानुवर्षं, तुटपुंज्या मानधनावर केली. त्यांच्या कामाची नोंद साहित्याच्या इतिहासात फारशी नाही. ती व्हायला हवी.

11. हजार कादंबऱ्या आणि पोस्टातला साहेब

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड हे त्यांचे नायक. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांत त्यांच्या नव्या पुस्तकासाठी रांग लागे. मराठीत वाचनाची गोडी लावणाऱ्यांत त्यांचं नाव फार वर घ्यायला हवं.

इंग्लंडचा अँथनी ट्रॉलप टपालखात्यात अधिकारी होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना 250 शब्द असा नेम चालवायचा. मग आवरून कचेरीत. या नेमावर त्याने 47 कादंबऱ्या लिहिल्या. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने, ग्रामसेवकाने, बँकेतल्या कारकुनाने हा आकडा लक्षात ठेवावा.

12. कंटाळवाणं व्याख्यान, पहिली विज्ञानकथा

मराठी विज्ञान परिषदेने 1974 मध्ये विज्ञानकथा स्पर्धा घेतली. जयंत नारळीकर तेव्हा अहमदाबादच्या एका परिषदेत होते. व्याख्यान कंटाळवाणं निघालं आणि त्यांनी समोरच्या कागदावर कथा लिहायला घेतली. नावाचं वजन पडू नये म्हणून ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. आद्याक्षरं उलटी केलीत, पाहा! हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी ती लिहून काढली. त्या 'कृष्णविवर' कथेला पहिलं बक्षीस मिळालं. वाया चाललेला तास मराठी विज्ञानकथेच्या कामी आला.

13. दोन कोश, दोन गती

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 1916 मध्ये 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चं काम सुरू केलं. पैसे उभारण्यासाठी कंपनी काढली, वर्गणीदार मिळवले, कामाची वाटणी केली आणि 1920 च्या दशकात 23 खंड वाचकांच्या हाती दिले. वर्गणीदारांनी पैसे आधी मोजले होते, म्हणजे हजारो माणसं खंडांची वाट पाहत होती.

'मराठी विश्वकोशा'ची गती वेगळी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली 1960 च्या दशकात वाईला काम उभं राहिलं, पहिला खंड 1976 मध्ये आला आणि विसाव्या खंडापर्यंत पोहोचायला 2015 उजाडलं. प्रत्येक नोंद त्या विषयाच्या जाणकाराकडून लिहून घ्यायची आणि तपासून घ्यायची, तर वेळ लागणारच. काही कामांची मुदत पिढ्यांत मोजावी लागते आणि अशी कामं नेटाने पुढे नेणाऱ्यांचं ऋण मोठं असतं.

14. सूर्य-चंद्राची मुदत

आपल्या शेजारच्या सोलापुरात शंभर वर्षांहून अधिक काळ दाते पंचांग तयार होतं. इथे एक दिवसाचीही सवलत नाही. गुढीपाडव्याला नवं पंचांग पाटावर असायलाच हवं, त्यामुळे गणित कितीतरी आधी हातावेगळं करावं लागतं. जयंतराव साळगावकरांच्या 'कालनिर्णय'चंही तेच. 1973 पासून ही दिनदर्शिका घराघरांत भिंतीवर आली आणि तिच्या मागच्या पानांवर वाचनीय मजकूरही आला. जानेवारीत कुणी जुनी दिनदर्शिका टांगत नाही, म्हणून ती डिसेंबरच्या आत दुकानात हवी. इतरांना तारखा पुरवणाऱ्यांवरच तारीख पाळण्याची सगळ्यात मोठी जबाबदारी असते.

15. 34 दिवस म्हणाले, लागले 55

कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत पुरा कराल? सरासरी उत्तर आलं 34 दिवस. सगळंच बिनसलं तर? 48-49 दिवस. प्रत्यक्षात सरासरी 55 दिवस लागले! हा अभ्यास 1994 मध्ये प्रसिद्ध झाला.

ही खोड ओळखून तिला नाव देणारे डॅनियल कानेमन यांनाही ती चुकली नाही. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या त्यांच्या गटाने दोनेक वर्षांचा अंदाज बांधला होता, पुस्तक व्हायला लागली आठ वर्षं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या धाराशिव उपपरिसरात प्रबंध लिहिणाऱ्या मित्रांनी यातून एक साधा नियम काढावा: मनाने सांगितलेल्या दिवसांची निदान दीडपट करा आणि मगच मार्गदर्शकांना तारीख सांगा.

16. काम फुगतं, वेळ भरून काढतं

सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 1955 मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये एक लेख लिहिला. मुद्दा असा की जेवढा वेळ हाताशी असेल तेवढा भरेपर्यंत काम पसरत जातं. एका पत्रासाठी अख्खा दिवस मोकळा असला तर चष्मा शोधण्यात, पत्ता धुंडाळण्यात आणि मजकूर घोळवण्यात दिवस संपतो.

उपाय? कामाचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याला छोटी मुदत द्या. फ्रान्सेस्को सिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने 1980 च्या दशकाच्या अखेरीस हेच केलं. स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ घेतलं, 25 मिनिटं लावली, तेवढा वेळ फक्त अभ्यास आणि मग पाच मिनिटं सुट्टी. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, म्हणून जगभर ती पोमोदोरो पद्धत झाली. कुकरच्या शिट्ट्या मोजत स्वयंपाक करणाऱ्या आपल्या आयाबहिणींना ही युक्ती सांगायची गरज नाही.

17. गोरोबाकाकांची थापटणी

आपल्या जिल्ह्यातलं तेर हे संत गोरा कुंभार म्हणजेच गोरोबाकाकांचं गाव. संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईंनी काकांना विचारलं, यातली मडकी कोणती पक्की आणि कोणती कच्ची ते सांगा. काकांनी थापटणी घेतली आणि एकेकाच्या डोक्यावर हलकेच मारून पाहिलं. सगळे शांत राहिले, नामदेव मात्र रागावले. काकांनी निर्वाळा दिला: हे मडकं कच्चं! नामदेवांनी ते मनावर घेतलं, विसोबा खेचरांना गुरू केलं आणि पुढे त्यांची कीर्ती पंजाबपर्यंत पोहोचली.

लेख संपादकाकडे धाडण्याआधी त्यालाही अशी थापटणी बसू द्या. एक दिवस बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य कच्चं आहे. म्हणजेच खरी मुदत संपादकाच्या तारखेच्या दोन दिवस आधीची असते.

18. तीन दिवसांसाठी अख्खं गाव

93 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन 10, 11 आणि 12 जानेवारी 2020 रोजी आपल्या धाराशिवात, तेव्हाच्या उस्मानाबादेत भरलं. साहित्यनगरीला नाव गोरोबाकाकांचं, अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि उद्घाटक ना. धों. महानोर. संमेलनाच्या तारखा जाहीर झाल्या की मागे हटता येत नाही: मंडप, ग्रंथप्रदर्शनाचे गाळे, पाहुण्यांची निवास-भोजन व्यवस्था, स्मरणिका आणि अध्यक्षांचं छापील भाषण, सगळं उद्घाटनाआधी जागेवर हवं. दुष्काळाशी झगडणाऱ्या जिल्ह्याने हे शिवधनुष्य पेललं. ज्यांनी त्या दिवसांत स्मरणिकेची प्रुफं तपासली, पाहुण्यांच्या गाड्यांची वेळ सांभाळली, त्यांना तारीख पाळणं म्हणजे काय हे वेगळं शिकवायला नको.

आता तुमची पाळी: पाच सोप्या गोष्टी

* शेवटच्या तारखेपासून मागे मोजा आणि आजचा वाटा कागदावर लिहा.
* रोजची एकच वेळ धरा. ट्रॉलपची पहाट जमत नसेल तर दिवेलागणीनंतरचा अर्धा तास चालेल, पण तो चुकवू नका.
* लिहिताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.
* लेख उशिरा होणार असेल तर संपादकांना आधी कळवा. आठ दिवस आधी कळलं तर त्यांना पानांची फिरवाफिरव करता येते.
* सगळ्यात महत्त्वाचं, वाट पाहणारं एक माणूस शोधा. "रविवारी संध्याकाळी तुम्हाला वाचून दाखवतो," असं शेजारच्या काकांना, वाचनालयातल्या ताईंना किंवा घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीला सांगून ठेवा. दर आठवड्याला त्यांनी "पुढचं कधी?" म्हणून विचारलं की तुमचं लिखाण मार्गी लागलंच म्हणून समजा.

आणि तुमच्याही आधी कुणी अडून बसला असेल, एखादा होतकरू कवी, प्रबंधात गुंतलेली मैत्रीण, आठवणी लिहायच्या म्हणणारे निवृत्त गुरुजी, तर आजच फोन लावा आणि आपुलकीने विचारा: मजकूर कधी देताय?